दीड सूत

पाचवा दिवस

रोशन गेटच्या आतल्या त्या गल्लीत वार कुणी विचारत नव्हतं. नळ येऊन कितवा दिवस, एवढंच विचारत. पाणी आठव्या दिवशी यायचं, कधी नवव्या. ते आलं की पुन्हा एकपासून मोजणी सुरू. औरंगाबाद म्हणा नाहीतर संभाजीनगर म्हणा, जायकवाडी तळाला गेली की दोन्ही नावांच्या घशाला कोरड सारखीच.

तर अशा एका पाचव्या दिवशी नूरमोहम्मद मिस्त्री दुकानाच्या फळीवर बसून जुन्या सागवानातले खिळे उपसत होता. बासष्ट वर्षांचा माणूस. खांदे एकेकाळी रुंद होते, आता सदरा तेवढा रुंद उरला होता. लाकूड रस्तारुंदीकरणात अर्ध्यात कापल्या गेलेल्या कुठल्यातरी घराचं होतं. शहर वाढत होतं तसतशी जुनी घरं पुढून सोलली जात होती आणि सोललेलं सागवान फिरत फिरत मिस्त्रीकडं यायचं. दारं मात्र त्याच्याकडं कुणी मागत नव्हतं. बायपासकडच्या नव्या इमारतींना दारं तयारच यायची, ट्रकमधून, बिजागऱ्यांसकट.

हातातलं काम दारासारखं दिसत होतं, पण दार नव्हतं. सिडकोतले सदाशिवराव कागदावर आकृती काढून आले, तेव्हा मिस्त्रीनंही तेच विचारलं होतं.

"जाळीचं दार का, साहेब?"

"स्पीकर आहे."

"ह्याच्यात स्पीकर बसणार कुठं? मागं पेटी नाय, काय नाय."

"पेटी नसतेच याला. ही लाकडाची चौकट. तिच्यावर ताणलेला पडदा, कांद्याच्या सालीहून पातळ. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी भोकाभोकांचा पत्रा. वीज सोडली की अख्खा पडदा हलतो आणि गातो."

"आन् चौकटीनं काय करायचं?"

"गप्प बसायचं. ती हलली, की सगळं बिघडलं."

मिस्त्रीला हे आवडलं होतं. गप्प बसणारं काम त्याला येत होतं.

सदाशिवराव सत्तरीचे, चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त. आधीची जोडी त्यांनी स्वतःच भुसा दाबून केलेल्या पाट्यांची बनवली होती, ती वाळवीनं खाल्ली. पावसानं तोंड फिरवलं की वाळवी ओल हुंगत माणसांच्या घरात शिरते. आता त्यांना सागवानच हवं होतं. साडेपाच फूट उंच, दोन फूट रुंद, अशा दोन चौकटी. पडद्याचं काम ते घरी करणार होते. शेवटची जोडी, असं म्हणाले होते, आणि मग विषय बदलला होता.

समोर कडूबाचा चहाचा गाडा. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय कडूबाचा चहा उकळत नसे.

"मिस्त्री, दोनच दारं? घर कुठं बांधलं म्हनायचं?"

"दारं साहेबांची, घर साहेबांचं. तुझं काय जातं?"

"माझं काय जानार. कप धुवायला पानी नाय म्हनून कागदाचे आनतो, ते तेवढे जातात."

सहावा दिवस

नूरमोहम्मदच्या बापाची एक रीत होती. चौकट कुठलीही असो, गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी दोरी दाखवायची. चौकटीच्या आतल्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी कोनाकोनी ताणायची. एक टोक गिऱ्हाइकानं धरायचं, दुसरं मिस्त्रीनं, आणि कोपरा आला तिथं गाठ मारायची. मग तीच दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांत लावायची. गाठ बरोबर कोपऱ्यावर आली तर चौकट काटकोनात. नाही आली तर चौकट तिरकी, ती घरी न्यायची नाही.

काटकोनी पट्टीचा गुण्या लावून काटकोन कुणीही दाखवील, बाप म्हणायचा. गुण्या मिस्त्रीचा असतो, तो मिस्त्रीचं ऐकतो. दोरीचं एक टोक गिऱ्हाइकाच्या हातात असतं.

नूरमोहम्मदनं ही रीत चाळीस वर्षं पाळली. दुकान बापाचं, अवजारं बापाची, त्यातली निम्मी झिजून गेली, पण दोरी दाखवल्याशिवाय चौकट कधी फळीवरून उतरली नाही. गल्लीबाहेर त्याला लोक ओळखत ते यानंच. दोरीवाला मिस्त्री.

पहिली चौकट तयार झाली होती. सदाशिवरावांनी टोक धरलं. गाठ कोपऱ्यावर आली, केसभरही इकडंतिकडं नाही. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, मग खाली करून पाहिलं.

"कारखान्यात याला आम्ही चार सह्या घ्यायचो," ते म्हणाले.

सातवा दिवस

ऊन. मिस्त्रीच्या बायकोचं, फहमिदाचं मनगट प्लास्टरमध्ये. टँकरखाली डबा लावताना घसरली होती. मुलगा झीशान वाळूजच्या कंपनीत, त्याची दिवसपाळी.

आठवा दिवस

दुसरी चौकट जोडायची होती. दोन उभ्या फळ्या, दोन आडव्या, चार कोपरे. आडवीच्या टोकाला कोरलेलं कुसू उभीच्या भोकात बसतं, मध्ये फेविकॉल. मग लोखंडी शिकंज्यांत धरून आवळायचं, आवळता आवळता कोपरे काटकोनात आणायचे. हे काम दोघांचं. पूर्वी दुकानात दोन माणसं असायची, आता मिस्त्री एकटा. म्हणून पहिल्या चौकटीलाही सदाशिवरावच टोक धरायला आले होते आणि आजही तेच.

दुपारचे तीन. हवा इतकी कोरडी की फेविकॉल डब्याच्या तोंडाशीच साय धरत होता. एरवी अर्धा तास मिळतो, त्या उन्हाळ्यात दहा मिनिटं मिळत होती.

चारही कोपऱ्यांत कुसं शिरली. पहिला शिकंजा लागला, सैलसर. सदाशिवराव पलीकडचं टोक दोन्ही हातांनी धरून वाकले होते. मिस्त्रीनं दुसरा शिकंजा उचलला आणि दुकानावरच्या घरातून फहमिदाचा आवाज आला.

"सुनो. नल आया."

"हौ, आया," मिस्त्री म्हणाला, पण हात शिकंज्यावरच.

"मेरे से हंडा उठता नहीं. कब आते?"

गल्लीत एकेक मोटर सुरू होत गेली. ज्याची मोटर आधी, त्याचं पाणी आधी. आज भरलं नाही तर पुढचे आठ दिवस कोरडे. मिस्त्रीनं एकदा वर पाहिलं, एकदा सदाशिवरावांकडं.

"साहेब, हे असंच धरून ठेवता का? दोन मिनिटं."

"जा. मी आहे."

आठवा दिवस, तिथंच

दोन मिनिटं नाही. पंचवीस.

ड्रम, हंडे, बादल्या, कूलरची टाकी, शेवटी तर मुलांच्या शाळेच्या काळातल्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा. मध्येच धार बारीक झाली, मग पुन्हा मोठी झाली. कुणाला सोडून यावंसं वाटेल अशी ती वेळ नव्हती.

तो खाली आला तेव्हा सदाशिवराव होते तसेच वाकून उभे होते. टोक धरलेलं. दंडापासून बोटांपर्यंत हात थरथरत होते. घाम नाकाच्या शेंड्यावरून चौकटीवर पडू नये म्हणून त्यांनी मान वाकडी केली होती.

"सोडा साहेब, सोडा आता."

मिस्त्रीनं दुसरा शिकंजा लावला, आवळला. लाकूड किंचित करकरलं, पण हललं नाही. सुकलेल्या फेविकॉलनं चौकट होती तशी धरून ठेवली होती. त्यानं आणखी अर्धा फेरा दिला. नाही.

"झालं?" सदाशिवरावांनी विचारलं. ते जिन्याच्या पायरीवर बसून मनगटं चोळत होते.

"झालं," मिस्त्री म्हणाला.

पहिला दिवस

सकाळी कडूबा यायच्या आत त्यानं दोरीचं एक टोक खिळ्याला बांधलं आणि एकट्यानं चौकट मापली.

एका कोपऱ्यापासून समोर: गाठ मारली.
दुसऱ्या कोपऱ्यापासून समोर: गाठ कोपऱ्याच्या अलीकडं राहिली.
पुन्हा: तेवढीच.
फरक: दीड सूत.

एका इंचाची आठ सुतं. दीड सूत म्हणजे बोटाच्या नखाएवढंही नाही. घराच्या दाराला असतं तर रंधा मारून, बिजागरी थोडी सरकवून कुणाच्या बापाला कळलं नसतं.

ते जोड उकलायचे म्हणजे गरम पाणी. कोपऱ्याकोपऱ्यावर उकळतं पाणी ओतून, कपडा गुंडाळून, तासन् तास. एवढं करून कुसं फुगणार, ती पुन्हा तासायची. नवीन चौकट करावी तर तेवढं लांब, सरळ सागवान उरलं नव्हतं. कंबर दुखत होती. आदल्या दिवशी चाळीस हंडे वर गेले होते.

त्यानं रंधा उचलला.

चौकटीची बाहेरची कड त्यानं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं उतरती तासत नेली, दोन सुतांचा उतार. दोन्ही उभ्या, दोन्ही आडव्या. मग बाहेरून गुण्या लावला. चारही कोपरे काटकोनात. आत जिथं पत्रा बसायचा ती खाच मात्र होती तिथंच, तशीच तिरकी.

भुसा गोळा करताना त्याला वाटलं की आपण फार थकलो आहोत, आणि थकलेल्या माणसानं एवढं केलं तर. वाक्य त्यानं पुरं केलं नाही.

दुसरा दिवस

सदाशिवराव टेम्पो घेऊन आले. पहिली चौकट चढली. दुसरीसाठी ते फळीजवळ येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढं केला, दोरीचं टोक धरायला.

मिस्त्रीनं त्या हातात चौकट दिली.

सदाशिवरावांनी क्षणभर त्याच्याकडं पाहिलं. मग चौकट छातीशी धरून टेम्पोकडं वळले. जाताना म्हणाले, "आमच्या सौ., यमुनाबाई, विचारतात, दारं येतायत, मग पाव्हणे कधी यायचेत?"

मिस्त्री हसला. हसणं चेहऱ्यावर नीट बसलं नाही.

मधले दिवस

एका स्टुलाचा पाय. एका मशिदीच्या चपलांच्या रॅकची फळी. एका बाईनं आणलेली पोळपाटाची दोन शकलं. नळ आला, गेला. कडूबानं विचारलं, साहेबांचं गानं सुरू झालं का. मिस्त्री म्हणाला, मला कसं कळणार, सिडको काय इथंय?

पुन्हा पाचवा दिवस

टेम्पो पुन्हा गल्लीत आला तेव्हा मिस्त्रीला तो आवाजावरूनच कळला. त्यानं हातातली पटाशी खाली ठेवली.

दोन्ही चौकटी मागं आडव्या होत्या. एकीवर पडदा अजून होता, चकाकता, आणि त्याच्यावर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुरकुती. झोपून उठलेल्या माणसाच्या गालावर उशीची असते तशी.

मिस्त्रीनं सुरकुती पाहिली आणि कुठला कोन तोकडा आहे ते न मोजताच त्याला कळलं.

"दुकानात जागा आहे का?" सदाशिवरावांनी विचारलं. "दोन्ही ठेवून घ्या. लाकूड चांगलं आहे, कुणाच्या तरी खिडकीला होईल."

"बसा आधी, साहेब. कडूबा, दोन चहा आन."

"बसतो." ते पायरीवर बसले. "पहिली गायली, मिस्त्री. एकटीच लावून पाहिली. पण दुसरी. तीनदा पडदा ताणला. ताणतो तेव्हा सपाट असतो, ढोलकीसारखा. पत्रा बसवून स्क्रू आवळले की ही सुरकुती. प्रत्येक वेळी तीच."

मिस्त्रीनं फळीवरचा भुसा हातानं बाजूला सारला.

"मग मला आठवलं," सदाशिवराव म्हणाले. "मी धरून होतो ना त्या दिवशी. मध्ये एकदा हात बदलला होता. दोनदा बदलला. तुम्हाला बोललो नाही. तेव्हाच माझ्या हातून हललं असणार."

कडूबानं चहा आणून ठेवला. साहेबांचा चेहरा पाहून तो काहीएक न बोलता परत गेला, आणि हे त्याच्या आयुष्यात फार वेळा घडलेलं नव्हतं.

"हात आता असे होतात." त्यांनी कप उचलला. चहावर बारीक तरंग उठत राहिले. "परवा डॉक्टरांकडं जाऊन आलो. म्हणाले वयाचं आहे. गोळी दिली एक. यमुनाबाई म्हणतात, पुरे आता, ऐका रेडिओवर. बरोबर आहे त्यांचं. पातळ पडद्याचं काम थरथरत्या हाताचं नाही."

आता हे असं होतं. दोष स्वतःहून चालत आला होता, चहा पीत पायरीवर बसला होता, आणि मिस्त्रीनं नुसतं गप्प बसायचं होतं. दोन चौकटी भिंतीला लागल्या असत्या. दोरीवाला मिस्त्री दोरीवालाच राहिला असता. आणि सिडकोत एक माणूस आपले हात मांडीवर ठेवून रेडिओ ऐकत बसला असता.

मिस्त्रीनं चहा संपवला. मग आत जाऊन खुंटीवरची दोरी काढली.

"टोक धरा, साहेब."

"आता कशाला?"

"धरा."

टेम्पोतून चौकट उतरवून फळीवर ठेवली. सदाशिवरावांनी टोक एका कोपऱ्यात दाबलं. मिस्त्रीनं समोर दोरी ताणून गाठ मारली. मग दुसरे दोन कोपरे. गाठ अलीकडं राहिली. सदाशिवरावांनी वाकून पाहिलं.

"किती?"

"दीड सूत."

"म्हणजे माझ्याकडूनच."

"नाय. तुम्ही धरलं ते नीट धरलं. हात बदलला म्हणून शिकंज्यातली चौकट हलत नाय. मी आवळून जायला पायजे होतं, मी सैल सोडून पानी भरायला गेलो." त्यानं दोरी खाली ठेवली. पुढचं जड होतं. "ते पन जाऊ द्या. पानी भरलं, त्याचं काय नाय. दुसऱ्या दिवशी मी मापली व्हती. एकट्यानं. दीड सूत मला तेव्हाच दिसलं. मग मी बाहेरून रंधा मारला, सरळ दिसावी म्हनून."

सदाशिवरावांनी चौकटीची बाहेरची कड बोटानं चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फळीची रुंदी कमी होत गेलेली बोटाला कळत होती.

"म्हणून दोरी दाखवली नाही."

"व्हय."

"मला वाटलं, ओळख झाली म्हणून सोडली असेल."

गल्लीतून एक टँकर रिकामा खडखडत गेला.

"मी पंचवीस मिनिटं धरून होतो, मिस्त्री."

"माहीत हाय."

"मी डॉक्टरकडं गेलो."

मिस्त्रीनं दोरी उचलून गोळा केली.

"पहिली उतरवा," सदाशिवराव म्हणाले.

"पहिलीची तर तुम्हीच दोरी धरली व्हती. गाठ आली व्हती."

"उतरवा."

पहिली उतरली. दोरी लागली. गाठ कोपऱ्यावर आली. सदाशिवराव म्हणाले, टोकं बदलू. बदलली. गाठ आली. मग त्यांनी मिस्त्रीची गाठ सोडली, स्वतः नवीन मारली, बोटं थरथरत होती म्हणून वेळ लागला, आणि पुन्हा मापलं. गाठ आली. त्यांनी बाहेरची कडही चाचपली, चारही बाजूंनी, सावकाश. मिस्त्री आपलं टोक धरून उभा राहिला. चाळीस वर्षांत दोरीचं टोक एवढा वेळ त्याच्या हातात कधी राहिलं नव्हतं. समोर कडूबा गाड्यावरचा एकच कप पुसत होता, तोही कागदाचा.

"ही ठीक आहे," सदाशिवराव शेवटी म्हणाले.

"व्हय."

"दुसरी उकलता येईल?"

"गरम पान्यानं सुटंल. कुसं पुन्हा तासावी लागतील. चार दिवस."

"पहिलीचा पडदा काढून ठेवलाय. दुसरीला एकदाच पुरेल एवढा उरलाय माझ्याकडं."

"एकदाच पुरंल, साहेब."

सदाशिवरावांनी त्यावर मान हलवली नाही. त्यांनी सुरकुतलेला पडदा कडेनं सोलायला सुरुवात केली. तो फार हळू, न फाटता निघत होता. मिस्त्रीनं त्यांच्या हातांकडं पाहिलं. थरथर होतीच, पण हात कुठं जायचं ते विसरलेले नव्हते.

जिन्यावर फहमिदा उभी होती, कधीपासून कोण जाणे. प्लास्टरच्या हाताखाली एक पातेलं काखेत दाबलेलं.

"तांदूळ धुतलेलं पानी हाय," ती साहेबांना ऐकू जाईल असं मराठीत म्हणाली. "उकळाया चालतंय." मग नवऱ्याला, आपल्या बोलीत, हळू: "बाप का नाम लेके चालीस साल बैठे. अब चूल्हा तो जलाओ."

मिस्त्रीनं स्टोव्ह पेटवला. पाणी उकळायला वेळ लागला, पांढऱ्या पाण्यावर फेस आला. पहिल्या कोपऱ्याला त्यानं जुनं धोतर गुंडाळलं आणि किटलीनं थोडं थोडं ओतू लागला. खाली परात लावली होती. गळलेलं पाणी पुन्हा किटलीत. ओल्या सागवानाचा वास सुटला. अर्ध्या तासानं त्यानं लाकडी हातोड्यानं एक हलका टोला दिला. काही नाही. आणखी एक किटली. आणखी एक टोला. कुसू गव्हाच्या दाण्याएवढं मागं सरकलं.

"चिकटवायचं कधी?" सदाशिवरावांनी विचारलं. पडदा त्यांनी गुंडाळून बाजूला ठेवला होता.

"सुकलं की. आजपासून तिसऱ्या दिवशी. टोक धराया याल?"

सदाशिवरावांनी हात मांडीवर उलटे-सुलटे करून पाहिले.

"येईन," ते म्हणाले. "धरणार नाही. तुम्ही कुणाकडून तरी आणखी दोन शिकंजे आणा. मी समोर बसेन, गुण्या घेऊन. माझा गुण्या."

"आना," मिस्त्री म्हणाला.

किटली रिकामी झाली होती. त्यानं परातीतलं पाणी परत ओतलं, स्टोव्हवर ठेवलं, आणि धोतर पिळून दुसऱ्या कोपऱ्याला गुंडाळायला घेतलं.